आंब्याखालची शिक्षा

एनेलेसला वर्गाबाहेर बसवण्याची शिक्षा हेडमास्तर लिकोंग्वे यांनी पूर्ण विचारांती दिली होती. विचारातून एकच गोष्ट निसटली. बाहेर म्हणजे आंब्याखाली, आणि आंब्याखाली गावातली म्हातारी मंडळी दिवसभर बावो खेळत बसतात. एक लाकडी पाट, त्यात बत्तीस खळगे, चौसष्ट बिया आणि चिकार टोमणे. चौथ्या दिवशी त्या नऊ वर्षांच्या पोरीनं खुद्द गावप्रमुख चिलिंबांना हरवलं.

"बघत बसली होती, म्हटलं खेळ एक डाव," प्रमुख हेडमास्तरांच्या दारात उभे राहून म्हणाले. "आता सगळा गाव मला विचारतोय, शाळेत नाव घालायचंय का म्हणून."

हेडमास्तरांनी माफी मागितली आणि एनेलेसला वर्गात जायला सांगितलं.

"नको सर. मी बाहेरच बरी आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच थांबली. आईनं निरोप धाडला, पोरीला बाहेरच बसायचं असेल तर ती घराबाहेर बसेल, धाकट्याला मांडीवर घेऊन.

वर्ग होता मॅडम काचिंग्वेंचा. चौथीची एकशे बारा मुलं. बावीस वर्षं मॅडम याच शाळेत. चपला दाराशी काढून शिकवायच्या, झग्याच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. फळ्यावरचं अक्षर खडूनं काढलंय की नखानं, हे कळेनासं होईपर्यंत खडू वापरायच्या. कारण नवे खडू नि वह्या हेडमास्तरांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या गळ्यात. मॅडम कधी आवाज चढवत नसत, आणि मुलांना भीती वाटायची ती त्याचीच.

एनेलेसचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. वर्ग सातच्या पाढ्यावर असताना तिचा सतराचा होऊन गेलेला असे. मग उरलेला तास ती छपराच्या पत्र्याची भोकं मोजायची. चौऱ्याहत्तर होती. हेडमास्तरांनी वरच्या कचेरीला एकोणीस कळवली होती. तपासनीस आले तेव्हा तिनं उभं राहून खरा आकडा सांगितला, म्हणून तर ती शिक्षा.

मॅडम दुपारी तिच्या घरी गेल्या, चटईवर बसल्या आणि शेंगा काढल्या.

"प्रमुखांना हरवलंस म्हणे. कसं?"

"खेळले."

"मी नव्हते तिथे. तोच डाव मांडून दाखव."

एनेलेसनं मातीत खळगे केले, खडे टाकले. नऊ चाली झाल्या आणि हात थांबला. "पुढचं आठवत नाही."

"मग हरवलंस हे मी कशावरून मानू? लिहून ठेवायचंस."

"बावो कुणी लिहितं का, मॅडम?"

"नाही लिहीत. कसं लिहायचं ते मलाही येत नाही."

एनेलेस सरळ होऊन बसली. मॅडमना काही येत नाही, हे ती प्रथमच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात हजर. मॅडमनी स्वतःची एक वही तिला दिली. अट एवढीच, की आधी वर्गाचं काम, तेही बिनचूक, आणि मग वही. लिहायचं असं, की ज्यानं डाव पाहिला नाही त्यालाही तो पुन्हा मांडता यावा. पहिल्या एका चालीलाच तीन पानं गेली.

"हे वाचता वाचता प्रमुख म्हातारे होतील," मॅडम म्हणाल्या.

"ते आहेतच."

मग खळग्यांना आकडे आले, दिशेला बाण आले. आपल्या बाजूच्या सोळा खळग्यांच्या फेरीत तेवीस बिया एकेक करून पेरल्या तर शेवटची कुठे पडेल, हे दर वेळी बोटानं मोजायचा तिला वैताग आला, तेव्हा मॅडमनी भागाकारातली बाकी शिकवली. तो धडा खरा पुढच्या सत्रातला. शनिवारी प्रमुखांशी डाव आणि सोमवारी तो वहीत, असं सुरू झालं.

आपली हार लेखी नोंदली जातेय हे कळल्यावर प्रमुख, मुलांचे आगोगो म्हणजे आजोबा, पाट काखोटीला मारून वर्गात आले. एनेलेस वाचत गेली, ते बिया हलवत गेले.

"हां, इथे चुकलो मी," अकराव्या चालीला ते म्हणाले.

"नाही आगोगो. सातव्या."

एकशे अकरा मुलं हसली. थोड्या वेळानं प्रमुखही हसले.

हेडमास्तर दारातून बघत होते. त्यांना हायसं वाटलं, पण जरा काळजीही वाटली.

"मॅडम, तुमची ती वही संपत आली. संपली की ही पुन्हा पत्र्याकडे बघायला लागणार. मग हिला वर्गात धरून ठेवायचं कसं?"

मॅडमनी एक शेंग सोलली.

"कपाटाची किल्ली तुमच्या गळ्यात आहे, सर."