फडकं दिसलं की थांबायचं

आप्पा मोटारसायकलची तब्येत दातांनी तपासत. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस आता पेचकस खातो की काय, असं मला वाटलं. डोळे उघडून ते शांतपणे म्हणाले, "बेअरिंग रडी ऱ्हायनं." उघडून पाहिलं तर बेअरिंग खरंच गेलेलं होतं.

सुकलाल आप्पा डिंडोलीत माझे शेजारी. मूळचे शिरपूरकडचे, सुरतेत यंत्रमागांचे मिस्त्री. मी मराठी शाळेत मास्तर. बोलण्यावर पोट भरणारा मी आणि कान गमावलेले ते, अशी आमची जोडी जमली. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. उजवा पार, डावा जवळजवळ. समोर उभं राहून सावकाश बोललं, तर ओठांवरून ते सगळं ओळखत. "मानूस खोटं बोलस, मशीन नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकवून झालं की माझ्याकडे असं बघत, की खोटं बोलणारा माणूस म्हणजे मीच.

मागांच्या शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. आप्पांनी मला त्या खुणा शिकवल्या होत्या. अंगठा ओठांकडे नेला की चहा. डोक्यावर पालथा पंजा ठेवला की शेठ आला. आणि कुणी डोक्यावर फडकं हलवलं, तर कुणाचा तरी हात यंत्रात अडकलाय. असाल तिथं यंत्र बंद करायचं. एकदा फडकं हललं आणि आप्पांची मान खाली होती. सोबत्याची तीन बोटं गेली. "तवयपासून मनी मान वरच," ते म्हणत. मी त्या खुणा शाळेत मुलांना करून दाखवायचो आणि हशा घ्यायचो.

शेवटी शेठने सांगितलं, ज्याला मागाचा आवाज कळत नाही तो मिस्त्री कशाला? दिवाळीनंतर येऊ नका. गावी भावाच्या ओसरीवर बसून खायचं, एवढंच उरलं होतं, आणि त्या विचारानेच आप्पांचं जेवण सुटलं. मग कतारगामचे रमणभाई भेटले. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणारं त्यांचं गॅरेज. बहिऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक गाडी देणार नाही, ही त्यांची अडचण. त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. कडोदऱ्यापलीकडच्या मैदानात जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती होणार होत्या. "त्यां पहेलो आव, तो सोमवारथी मारे त्यां आवी जजे," ते म्हणाले. पहिला आला तर सोमवारपासून काम. पहिल्या नंबरची गाडी यानेच बांधली म्हटल्यावर कोण कान बघणार?

भंगारातून उचललेली एक मोटारसायकल आप्पांनी दोन वर्षं खपून उभी केली होती. ती घेऊन रविवारी सकाळी आम्ही गेलो. मैदानावर चुन्याच्या फक्कीने वाट आखलेली. नवसारी-भरुचकडची हौशी मंडळी जुन्या गाड्यांची नळकांडी पुसत बसली होती. दुपारपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, धुळीने तोंडं पांढरी झाली. आप्पा कुणाशी बोलले नाहीत. शिरस्त्राण घालण्याआधी मला फक्त एवढंच म्हणाले, "सर, मना कान गयात. आते गाडीच बोलनार."

आणि गाडी बोलली. दहा चकरांची शर्यत, आठव्या चकरेला आप्पा सगळ्यांच्या पुढे. मी वळणापाशी उभा होतो. त्यांचे शेडमधले सोबती शेजारीच मुठी उगारून नाचत होते. एकाच्याही हातात फडकं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. शेवटच्या चकरेत आप्पा वळणावर आले. मला राहवलं नाही. गळ्यातला पंचा ओढून काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला.

आप्पांनी गाडी जागच्या जागी बंद केली. चार गाड्या शेजारून निघून गेल्या. मोटारसायकल तशीच आडवी टाकून ते माझ्याकडे धावत आले. चेहरा पांढराफटक. "कोना हात अडकना?" त्यांनी विचारलं. "सर, कोना हात अडकना?"

हातातला पंचा मी खाली घेतला. त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या पंच्याकडे. आणि खाली मातीत बसले.

मी शर्यत बघायला आलेल्या रमणभाईंच्या मागे धावलो, सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं. "समजुं छुं, सर," ते म्हणाले, "पण घराकने आ केवी रीते समजावुं?" गिऱ्हाइकाला हे कसं समजवायचं, हा त्यांचा प्रश्न खराच होता. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर मला भांडताही आलं नाही.

परत येताना मी आप्पांची माफी मागितली. त्यांना कळावी म्हणून समोर उभं राहून, सावकाश. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. ते म्हणाले, "फडकं दिखनं अन् मी थांबनू नही, तं मी कसाना मिस्त्री?" राग असता तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली आणि आप्पा गावी निघाले. मोटारसायकल पुन्हा भंगारात गेली. सोबत फक्त एक ट्रंक आणि तो पेचकस. स्टेशनवर मी पोचवायला गेलो. गाडी हलली तसे फलाटावरचे लोक रुमाल हलवू लागले. खिडकीतले आप्पा दचकून उठले. त्यांची नजर एकेका रुमालावरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. काही झालेलं नाही, हे त्यांना कळावं म्हणून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी दोन्ही रिकामे हात त्यांना दिसतील असे खाली सोडून उभा राहिलो.