किगोम्याला भेटलेली घोडनदीची बाई

माझा नवरा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होता. दुष्काळ सरल्यानंतर टांझानियाच्या रेल्वेला इंजिनं दुरुस्त करणारी माणसं हवी आहेत असं शेडमध्ये कळलं आणि त्यानं नाव दिलं. तो निघाला तेव्हा मी गरोदर होते. मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. पुढचे काही महिने मी घरात नुसती बसून असायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "हितं भिंतीकडं बघत बसण्यापरीस त्याच्याकडं जा." म्हणून मी गेले. हौसेनं आफ्रिका बघायला कुणी गेलं नव्हतं.

मुंबईहून बोटीनं दारेसलामला, आणि तिथून आगगाडीनं थेट रूळ संपतात तिथपर्यंत. त्या गावाचं नाव किगोमा. रूळ संपले की टांगानिका तलाव लागतो. तलाव नुसता म्हणायला. पलीकडचा काठ बहुतेक दिवस दिसतच नसे. आभाळ निवळलं तर डोंगरांची फिकट रेघ दिसायची, आणि तो दुसरा देश आहे असं लोक सांगायचे.

नवरा स्टेशनवर आला होता. तापानं त्याचे गाल आत गेले होते. "प्रवास नीट झाला?" एवढंच त्यानं विचारलं. मुलीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. टांग्यासारखं काही तिथं नव्हतंच. तो ट्रंक खांद्यावर घेऊन पुढं आणि मी मागं, अशी आम्ही तांबड्या मातीचा चढ चढून क्वार्टरवर गेलो.

गावात एकच मोठा रस्ता. दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं आणि गुजराती व्यापाऱ्यांची दुकानं. त्यातली निम्मी बंद पडलेली. मालक लंडनला, कॅनडाला निघून गेले होते. फळ्या ठोकलेल्या दारांवर त्यांच्या पाट्या मात्र तशाच. साबण आला की रांग, साखर आली की रांग. धक्क्याला आगबोट लागली की गावात थोडी धावपळ व्हायची. पोती उतरायची, पोती चढायची. बोट गेली की सगळं पुन्हा सामसूम. वाळूत वाळत घातलेल्या बारीक मासळीचा वास घरातल्या पिठालासुद्धा यायचा. नवरा सकाळी शेडमध्ये जायचा आणि संध्याकाळी काळवंडलेल्या चेहऱ्यानं परत यायचा. पार्ट येत नव्हते. उघडून ठेवलेलं इंजिन तसंच उघडं पडून होतं. कधीकधी मला वाटायचं, आमचंही तसंच झालंय.

असं चाललेलं असताना एक दिवस बाजारात माझ्या मागून आवाज आला, "हाड! मरतंय का जरा लांब!"

मी गर्रकन वळले. एक म्हातारी आपल्या टोपलीत तोंड घालणाऱ्या शेळीला हाकलत होती. अंगावर तिथल्या बायकांसारखी रंगीत कापडं गुंडाळलेली, तोंडात दात कमीच.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

सवयीनं तिनं आधी स्वाहिलीत काहीतरी म्हटलं. मग ती थांबली. माझ्या साडीकडं बघत सावकाश म्हणाली, "कुठली गं तू?"

"दौंडची. माहेर न्हावऱ्याचं."

"न्हावरं? आपल्या घोडनदीजवळचं?"

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं घोडनदीच म्हणतात. ते नाव ऐकलं आणि त्या भर बाजारात मला रडू आलं. मुलगी गेल्यापासून मी अशी रडले नव्हते. म्हातारीनं टोपली खाली ठेवली आणि माझं डोकं आपल्या खांद्याला लावलं.

ती घोडनदीच्या मुसलमान घरातली. तिचा नवरा शिंपी होता. लग्न झाल्यावर तो तिला घेऊन इकडं आला, एका व्यापाऱ्याकडं कपडे शिवायला. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. मी तिला मावशी म्हणायला लागले. बंदराच्या वरच्या अंगाला मातीच्या भिंतींचं तिचं घर होतं. तिथं दुसरी एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली असे, तिथलीच, आफ्रिकेची.

"ही माझी सवत," मावशीनं सांगितलं, आपण धाकटी बहीण म्हणून सांगावं तसं. सवतीनं मला बसायला बुटकं स्टूल दिलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मावशीनं तिला माझ्या मुलीचं सांगितलं असावं, कारण तिनं माझा हात धरला आणि "पोले, पोले" म्हणत राहिली. दुःखात असलेल्या माणसाला तिकडं असं म्हणतात.

मावशी अधूनमधून आमच्या क्वार्टरवर यायला लागली. एकदा चहा घेताना तिचं लक्ष भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं गेलं.

"ह्यो कुठला देव?"

"आम्ही बौद्ध झालो, मावशी. तुम्ही इकडं आल्यावरची गोष्ट."

तिनं जरा विचार केला आणि आमच्या वस्तीचं जुनं नाव घेतलं. "म्हंजी तिथली तू?" शिवी म्हणून नाही, तिला दुसरं नावच ठाऊक नव्हतं. तरी मी आतून आक्रसले. कप ती खाली ठेवते की काय, म्हणून तिच्या हाताकडं बघत राहिले. तिनं चहा पिऊन संपवला.

"मग आता विहिरीवर येऊ देत्यात का तुमाला?"

"कुठं देतात, कुठं अजून नाही."

"अजून न्हाई?" तिनं रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, आपुन हितं अडकून पडलो, पर तिकडं समदं बदललं आसंल."

पावसाळ्यात मला तापानं धरलं. एक उतरला की दुसरा चढायचा. नवऱ्यानं मला परत पाठवायचं ठरवलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी मावशीला म्हटलं, "तुमचा भाऊ असेल ना घोडनदीला? मी शोधते. तुमची खुशाली सांगते."

भाऊ तिच्यापेक्षा बराच लहान होता. ती निघाली तेव्हा कल्हईवाल्याच्या हाताखाली भाता ओढायला लागला होता, असं तिनंच मला सांगितलं होतं.

"नगं," ती म्हणाली.

"का?"

"मी त्यांच्या लेखी मेलीय." लढाईत टपाल बंद पडलं होतं. नंतर दारेसलामकडं राहणारा आपल्याकडचा कुणी माणूस देशी परतला. बाळंतपणात मावशी गेली, असं त्यानं ऐकलं होतं आणि तेच त्यानं घरी सांगितलं. घरच्यांनी तिच्या नावानं फातिहा वाचून घेतला. हिला ते फार उशिरा कळलं.

"मग तेव्हा कळवलं का नाही?"

"काय कळवू? दोन लेकरं मातीत गेली, नवऱ्यानं ही दुसरी आणली, आन् मी हिचीच पोरं पाठीला बांधून हिंडते, आसं? आय वाचली नसती त्या धक्क्यानं. मेली म्हणून त्यांनी येकदा रडून घेतलं, ते बरं झालं."

"पण आता आई कुठं असणार? भाऊ तर असेल."

"त्याला कळलं तर त्यानं काय करावं? हितं यायला त्याच्याकडं काय हाय? आन् न्हाई आला तर जलमभर जिवाला खात बसंल. माझी लेकरं हितं हायत, मी कुठं येनार न्हाई. तू सांगायचं न्हाईस. माझ्या गळ्याची आन."

सवत दारात उभी होती. आम्ही काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं, पण ती अंगावरच्या कापडानं डोळे पुसत होती.

दौंडला आल्यावर तब्येत सावरायला मी माहेरी गेले. आईचं एक पितळी पातेलं कल्हईला आलं होतं. खरं तर ते निमित्त होतं. शिरूरच्या बाजारात विचारत विचारत मी त्या दुकानापाशी पोचले. दुकान म्हणजे लिंबाखालचा भट्टीचा खड्डा, भाता आणि नवसागराचा पांढरा धूर. म्हातारा खाली मान घालून पातेलं घासत होता. त्यानं वर बघितलं आणि मला काही विचारायची गरजच उरली नाही. कपाळ तेच, हनुवटी तीच.

पातेलं मी तिकडच्या छापील कापडात बांधून नेलं होतं. ते त्यानं बोटांनी चाचपलं.

"ह्ये कापड कुठलं, बाई?"

"आफ्रिकेतलं. मालक तिकडं नोकरीला आहेत."

त्यानं हातातलं काम थांबवलं. "आमची थोरली भन तिकडं गेली व्हती. तिकडंच वारली. बाळंतपणात." मग जरा घुटमळत म्हणाला, "मोठ्या तळ्याकाठी गाव हाय म्हणं. तुमी बघितलंय?"

"बघितलंय."

"कसं हाय?"

मी सांगत गेले. आंब्याची झाडं, तांबडी माती, आगबोट. तो तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता, लहान पोरासारखा. सगळं ओठांवर आलं होतं. मी पातेल्याकडं बघत राहिले.

"तळ्याचं पाणी खारं का गोड?" त्यानं विचारलं.

"गोड."

"आन् मानसं?"

"माणसं चांगली आहेत, आबा. कुणाला एकटं पडू देत नाहीत."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि पुन्हा भाता ओढायला लागला.

करार संपवून नवरा परत आला तेव्हा आल्याआल्या मी त्याला मावशीचं विचारलं. त्यानं सांगितलं, उन्हाळ्यात ती गेली. सवतीच्या मुलांनी खांदा दिला, तोही मातीला गेला होता. एवढं सांगून तो बूट काढायला खाली बसला. जरा वेळानं, मान वर न करताच, त्यानं विचारलं, "आपली पोरगी दिसायला कुणासारखी होती?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.