मॅसिव्ह म्हणजे किती मोठा

कामशेतच्या बाजारात वाहिदभाईंचं तांदळाचं दुकान होतं. साठी उलटली तरी पोतं स्वतःच पाठीवर घ्यायचे. त्यांची मुलगी शहिस्ता तळेगावात इंग्रजीचे क्लास घ्यायची. ‘मॅसिव्ह’ हा शब्द ती दर वर्षी शिकवायची. भलामोठा, अवाढव्य. मुलं उदाहरणं द्यायची: मॅसिव्ह डोंगर, मॅसिव्ह गर्दी. हिरा नावाच्या मुलीनं एकदा लोणावळ्याच्या रविवारच्या ट्रॅफिकला तो लावला, तेव्हा सगळा वर्ग हसला होता.

श्रावणात वाहिदभाई दुकानातच कोसळले. तळेगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “मॅसिव्ह स्ट्रोक आहे. बघू.” तेवढं बोलून ते आत गेले.

“मॅशिव म्हंजी गं?” जैतुनबीनं लेकीला विचारलं. “त्या नव्या सोसायटीच्या बोर्डावर तूच वाचलंवतं न्हाई का? मॅशिव सूट. चांगलंच आसंल की.”

“मोठा, अम्मी. झटका मोठा आहे.”

“मोठा तर मोठा. औषद बी मोठं देत्याल.”

जैतुनबीनं लगेच वडिवळ्याच्या बहिणीला फोन लावला. “डाक्टर म्हनला, मॅशिव हाय. व्हय, बरं वाटंल आता. शहिस्ता हाय ना संगं, तिला कळतं इंग्रजी.”

शहिस्ता बाकावर बसून ऐकत होती. सवलतीला लावला की लोक खूश होतात, डोंगराला लावला की मान वर करून बघतात. शब्द तोच. तो नुसता आकार सांगतो, पुढचं काही सांगत नाही. पण इथे पुढचं तिला कळलं होतं. फोन संपल्यावर तिनं आईचा हात धरला.

“अम्मी, अब्बा आता पहिल्यासारखे होणार नाहीत.”

“आसं म्हनला डाक्टर?”

“त्या शब्दातच आलं ते.”

“येवड्याशा शब्दात?” जैतुनबी तिच्याकडे बघत राहिली. मग हात सोडवून घेतला आणि दिवसभर लेकीशी बोलली नाही.

वाहिदभाई घरी आले, ते खाटेवरच. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. माणसं ओळखत होते की नाही, कुणालाच सांगता येईना. शहिस्तानं क्लास सोडले. दुकानाचं शटर बंदच राहिलं. जैतुनबी रोज चमच्यानं पेज भरवते. निम्मी ओठांच्या कडेनं खाली येते. ती पदरानं पुसते आणि पुन्हा चमचा भरते.