आमच्या दारचा हापूस

आईने बदलापूरची तळमजल्यावरची जागा पसंत केली ती मागच्या दोन खाटांएवढ्या मातीसाठी. उल्हासनगरच्या आत्याने, एवढ्या लांब जंगलात राहायला चाललात का, असं विचारलं. आई तिला म्हणाली, या आमच्या दारचा हापूस खायला. हापूस अजून लावायचा होता. आईने शब्द मात्र देऊन टाकला होता.

आईचं माहेर चाळीतलं, तिला आंबा पेटीतूनच ओळखीचा. पण मामाची बदली रत्नागिरीला झाली होती. तो येताना हापूसचं कलम घेऊन आला, काळ्या पिशवीतलं, गुडघ्याएवढं. त्याने ब्लेडने पिशवी चिरली, मातीच्या गोळ्यासकट कलम खड्ड्यात ठेवलं आणि खोडावरची गाठ मला दाखवली. गाठीच्या वरचा हापूस. खालचं कोयीपासून उगवलेलं साधं झाड. खाली काही फुटलं की खुडून टाकायचं. कळलं ना? मी मान डोलावली. माणसांसमोर मी तेवढंच करायचे. देखभालीचं काम माझ्याकडे आलं, कारण आईच्या मते मला दुसरीकडे कुठे जायचंच नसायचं.

तेव्हा मी कॉन्व्हेंटमध्ये आठवीत होते. झाडांशी बोलावं, असं कुठेतरी वाचलेलं. मी इंग्रजीत बोलायचे. माझ्या मराठीला शेजारच्या काकू हसायच्या, झाडही हसलं असतं तर काय घ्या.

हापूसला वर चार पानं होती, तीही रुसलेली. गाठीखालून मात्र एक तांबूस कोंब आला, अगदी तरतरीत. मला खुडवेना. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा तो कडेला उभा होता, आणि असं उभं राहण्याचा मला चांगला अनुभव होता. मी त्याला काठीचा आधार दिला. पुढच्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळला, तो मी शिवणाच्या कात्रीने कापला आणि आपल्याला बागकाम जमतं, असं मनाशी ठरवलं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना झाडाला आंबे धरले. लहान, गोल. पहिला पिकल्यावर आईने तो मोरीपाशी उभं राहून खाल्ला. दातांतले धागे काढत ती बराच वेळ झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. त्याच रविवारी आत्या यायची होती.

आत्या आली ती थेट मागच्या दारी. "काय गं वहिनी, हाच का तुझा हापूस?"

आई पदराशी चाळा करत राहिली. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. गप्प बसणं हे माझं खातं.

"हापूस नाही, आत्या," मी म्हणाले. "आम्ही मुद्दाम लोणच्याचा लावला. बाजारात चांगली कैरी मिळते कुठे?"

आत्या झाडाला विसरून माझ्याकडेच बघत राहिली.

"अगं बाई," ती आईला म्हणाली, "ही बोलते?"

जाताना तिने पिशवीभर कैऱ्या नेल्या. त्यानंतर वर्षभर नातेवाइकांत चर्चा झाली ती माझ्या बोलण्याची. आंब्याचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.