बावड्याच्या उसाला गेलेलं खत

आमच्या घरात कुणी कचऱ्याचा विषय काढला की बायको मुलांना डोळ्यांनी खुणावते, "आता बाबांचा खड्डा निघणार." आणि निघतोच.

सत्तरच्या दशकात मी जयसिंगपूरहून कोल्हापूरला विद्यापीठात शिकायला आलो. वसतिगृहामागं नुसता उघडाबोडका माळ. मेसचं खरकटं खिडक्यांखालीच सडायचं. माझ्या डोक्यात आलं, खड्डा काढून याचं खत करावं आणि पुढच्या पावसाळ्यात माळावर कडुनिंब लावावेत. खोलीतला माझा जोडीदार कसबा बावड्याचा, ऊसवाल्याचा पोरगा. खड्डा त्यानंच खणला. मी काठावर उभा राहून निसर्गावर बोललो.

पोरांच्या मागं लागायचं काम मात्र माझं. मटणाच्या दिवशी मेसच्या दारात मी बादल्या घेऊन उभा. "हाडं इकडं, भाकरी तिकडं!"

"आलं बघा कचरासम्राट!" पोरं ओरडायची, पण बादलीत टाकायची. कारण मी सगळ्यांना शब्द दिला होता, हे खत आपल्या माळालाच. दुसरीकडं चिमूटभरही जाणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परतलो. रोपं येऊन पडली होती आणि खड्डा रिकामा, झाडून नेल्यासारखा.

"खत कुठाय?" मी खोलीत येऊन विचारलं.

"आमच्या आबांनी बैलगाडी धाडलीती," जोडीदार दाढी करता करता म्हणाला. "उसाच्या लागणीला टाकलं की."

"अरे, ते माळाचं होतं!"

"मर्दा, माळाला कोण इचारतंय? आन् खड्डा खणला कुणी?"

सुट्टीला जाताना त्याच्या गळ्यात हात टाकून "खड्ड्याकडं लक्ष ठेव रे" असं मीच सांगितलं होतं. त्यानं ठेवलं होतं.

रोपं तशीच मुरमात लावली. पुढच्या बुधवारी, मटणाच्या दिवशी, मी पुन्हा दारात उभा. पहिल्याच पोरानं ताट माझ्या नाकासमोरून पुढं नेलं. "व्हय रं, औंदा कुणाचा ऊस?"

सगळी मेस हसली. सगळ्यात मोठ्यानं माझा जोडीदार. मग एकेकानं खिडकीतून हाडं भिरकावली.

मी आणखी काही दिवस उभा राहिलो. शेवटी मेसच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, बादल्या रिकाम्याच हायत न्हवं? दे की, भांड्याला लागत्यात."

दिल्या.