तीन ठोके

आमचे हे एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करायचे. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, सगळं गाव यांच्याच तोंडून ऐकायचं. स्थानकात यांना भोंगा म्हणत, आणि घरीही हा भोंगा बंद नसे. जेवताना मीठ मागितलं तरी चार घरांना कळायचं. मग घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं आणि गळ्याखाली नाण्याएवढं भोक राहिलं. श्वास आता तिथूनच, नाकातोंडातून नाही, आणि बोलणं पाटीवर खडूनं लिहून.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने यांच्याकडे बघून जीव तुटायचा. नंतर मात्र घरातली शांतता मला आवडायला लागली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

यांची एक जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार आहे, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ लोळण घ्यायची. तिला हेडर बसवायचं यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा मूळचा अवजड बिडाचा तुकडा काढायचा आणि त्याजागी स्टीलच्या चार नळ्यांचा जुडगा लावायचा. इंजिन मोकळा श्वास घेतं म्हणे. ओळखीचा गॅरेजवाला होता, पण त्याच्याकडे जायची तयारी नव्हती. "मी पाटी उचलायच्या आधीच तो मान डोलावतो," असं यांनी लिहून दाखवलं.

रविवारी सकाळी घरामागच्या शेडमध्ये गाडी चार लोखंडी स्टँडवर चढली. हे चाकांच्या फळीवर उताणे झोपून खाली शिरले, भोकावर गंज पडू नये म्हणून गळ्याला पातळ फडकं बांधलेलं. मी वर, उघड्या बॉनेटपाशी, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात, मागतील तेव्हा खाली द्यायला, हातोडी. यांनी खालून ठोकून करायच्या खुणा ठरल्या होत्या. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ये.

घोटाळा इथेच होता आणि आम्हा दोघा शहाण्यांच्या तो लक्षात आला नाही. गंजलेला नट हलेना की हे हातोडीनं ठोकायचे, तेही नेहमी तीनदा, आणि मग पाना लावायचे. जन्माची सवय.

सात नट असे निघाले. आठवा हलेना. हातोडी माझ्याकडे देऊन हे खालून पाटी बाहेर सरकवत होते. "उजेड नटावर." मग, "नटावर!" खाली दोन रेघा. मग, "तुला साधा टॉर्च धरता येत नाही." शेवटी तीन रेघा. गळा गेला तरी हा माणूस पाटीवर ओरडत होता. माझं टाळकं फिरलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हटलं, टॉर्च इंजिनावर आपटला आणि तरातरा घरात आले.

खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. थोड्या वेळानं ठोके सुरू झाले. ठक ठक ठक. थांबले. ठक ठक ठक. ठोका म्हटलं, हवं तेवढं ठोका, मी काही येत नाही. मनातल्या मनात मोजायलाही लागले, बघू तरी आठवा नट यांना किती वेळ नाचवतो. सहा, सात, आठ. मला बरं वाटत होतं. बाराव्या वेळेला ठोके जरा मंद झाले. दमले असतील, दमू देत.

चादरीची घडी घालायला घेतली तर पांढऱ्याशुभ्र चादरीवर हा एवढा काळा तेलकट डाग. आणखी चिडले. चादर उलगडली, तर आत हातोडी. रागाच्या भरात मीच हातात घेऊन आले होते आणि कपड्यांत ठेवून दिली होती.

मग हे ठोकतायत कशानं?

हे नटावरचे ठोके नव्हते, मला बोलावणं होतं. शेडपर्यंतची वीस पावलं मी कशी गेले ते मला आठवत नाही.

वाकून पाहिलं. आठवा नट सुटला होता आणि बिडाचं ते धूड बोल्टांवरून निसटून खाली आलं होतं. त्याचं टोक यांच्या गळ्यावर होतं, भोकापासून बोटभर. उजव्या हातानं यांनी ते कसंबसं तोलून धरलं होतं, डाव्या हातातला पाना जमिनीवर आपटत होते. बाजूला सारायला जागा नव्हती, स्टिअरिंगचा दांडा आड होता. चेहरा काळाठिक्कर पडला होता.

ते वरूनच उचलायला हवं होतं. मी इंजिनात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, धूड चाचपडलं आणि वर ओढलं. कडा तळव्यात घुसल्या. जेमतेम दोन बोटं वर आलं.

"मी धरलंय," म्हटलं. "हात सोडा आणि बाहेर या."

माझ्या हातांवरचं वजन वाढेना. म्हणजे यांनी हात सोडलाच नव्हता. मी धरलं नसेल तर टोक थेट भोकावर येणार होतं, आणि मी धरलंय हे यांनी कशावरून मानायचं?

"अहो, सोडा. मी धरलंय."

काही नाही. माझी बोटं घामानं निसटायला लागली.

"सोडा ना. पाया पडते तुमच्या."

एक ठोका.

अख्खं वजन माझ्या हातांवर आलं. फळीची चाकं करकरली. हे पायांसकट बाहेर आल्यावर मी हात सोडले आणि बिडाचं धूड जमिनीवर दणकन पडलं.

हे भिंतीला टेकून बसले. गळ्यातून वारा शिट्टीसारखा वाजत होता. फडकं सोडून मी भोकाभोवतीचा गंज ओल्या कापसानं पुसला. मग यांनी पाटी ओढली.

"घरात ऐकू येत नसेल," यांनी लिहिलं.

मला नुसती मान हलवता आली असती. यांनी सुटायची वाट करूनच दिली होती.

"येत होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून येत होतं. मी मोजत होते."

यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी बाहीनं पुसली आणि सावकाश लिहिलं, "मला वाटलंच."

"मग ठोकत का राहिलात?"

खडूचा तुकडा अगदी लहान उरला होता. या वेळी यांनी खाली एकही रेघ मारली नाही.

"दुसऱ्या कोणाला बोलावू?"