जाम झालेली खुर्ची

नानांच्या सलूनमध्ये शिरणारा माणूस आधी त्यांच्या कंबरेची चौकशी करी आणि मग दाढीला बसे. कंबर कायमचीच धरलेली. दिवसभर उभं राहून दुसऱ्याच्या हनुवटीपाशी वाकायचं, तिचा तरी काय दोष? नाना तिला पाहुण्यासारखं जपत. जिना टाळायचा, खाली बसायचं नाही, दुकान हाकेच्या अंतरावर असलं तरी मुलाच्या स्कूटरवरूनच जायचं. वर पट्टा करकचून आवळलेला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एका पायावर उभं केलं, तर त्यांनी लगेच टेबल पकडलं. बाई म्हणाल्या, कंबर जपता जपता तुम्ही पायांना बसवून ठेवलंत. ताकद गेली, तोलही गेला. पायांना कामाला लावा, कंबरेवरचा भार हलका होईल. नानांना हे काही पटलं नाही. दुखतंय कुठे आणि औषध कुठे! "मी काय बगळा आहे?" असं म्हणून त्यांनी विषय उडवून लावला.

दुकानात मात्र त्यांचा तोल कधी जात नसे. तिथली फिरती खुर्ची केव्हाची जाम झाली होती, आणि दाढी करताना नाना मांडी तिच्या हाताला टेकवून सगळा भार तिच्यावर सोडत. सवय इतकी जुनी, की आपण रेलतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

मुलगा त्यांच्याच शेजारी काम करी. खुर्ची फिरत नाही म्हणून कंबर धरून तिच्याभोवती हेलपाटे घालणारे वडील बघून त्याचा जीव तुटे. सुट्टीच्या दिवशी त्याने गुपचूप खुर्ची उघडली, गंज खरवडला, तेल सोडलं. आता ती बोट लावलं तरी गरकन फिरे. नानांना आपोआप कळू दे, खूश होतील, म्हणून तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नानांचे जुने दोस्त, पोस्टमन. नानांनी त्यांची मान मागे केली, गळ्याला वस्तरा लावला आणि नेहमीसारखे रेलले. खुर्ची फिरली. सावरायचं काम पायांचं होतं, ते त्यांच्याने झालं नाही. पडता पडता नानांनी एकच केलं, वस्तऱ्याचं पातं त्याच हाताच्या मुठीत पकडून मागे ओढलं. दोस्ताला ओरखडाही उठला नाही. नानांच्या उजव्या हाताच्या आतल्या शिरा मात्र पात्याने कापल्या, आणि बोटं मिटायची थांबली ती थांबलीच.

इस्पितळात मुलगा पायाशी उभा राहून रडला. "नाना, तेल मी घातलं होतं."

नानांना राग आलेला होता, पण पोरावर नाही. "चांगलं केलंस," ते म्हणाले. "मोडकी खुर्ची किती दिवस वापरायची."

मग ते निमूटपणे बाईंकडे जाऊ लागले. बैठका काढल्या, जिने चढले. हळूहळू पाय भरले, दुखणं बरंच ओसरलं, पट्टा खुंटीला लागला. आता दुकानात ते कशालाही न टेकता एका पायावर उभे राहून दाखवतात, गिऱ्हाइकं वाहवा करतात. वस्तरा मुलाकडे असतो. उजवा हात नाना खिशातून काढत नाहीत.